टेकडीवरची शेवटची जागा

जॉर्जटाउन, पेनांग
२२ ऑगस्ट २०१९

चि. बून लेओंग यास अनेक आशीर्वाद.

तू, मुलगा, सून आणि छोटी नात मेई सगळे खुशाल असाल. इकडे मी ठीक. गुडघा कुरकुरतो, पण बाजारापर्यंत नेऊन आणतो. यंदा दुरियान फार पिकले आणि फार महाग विकले, हे कोडं मला सुटलेलं नाही. तू पर्थहून पाठवलेल्या गोळ्यांची बाटली पोचली. तुझ्या आईच्याही दोन बाटल्या कपाटात तशाच आहेत, झाकणसुद्धा उघडलेलं नाही. परत पाठवू का?

तुझ्या आईच्या अंत्यसंस्कारानंतर तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र तरी फोडशील.

मेईच्या शाळेसाठी घराण्याचा वंशवृक्ष हवा, असं तूच म्हणाला होतास. "ताई, तू तिथंच आहेस, आजोबांचे कागद काढ ना जरा." तिथंच आहे! जसं काही मी इथं पाय पसरून बसले होते. अकरा वर्षं तुझ्या आईला न्हाऊमाखू घातलं ते कोणी? तरी मार्चमध्ये मी कोर्टाच्या दफ्तरात गेले. रोहाना नावाची मलय बाई आहे तिथं, मला मावशी म्हणते. तिनं दोन दिवसांत आजोबांचं मृत्युपत्र शोधून नक्कल हातात ठेवली. "मावशी, हे नुसतं मृत्युपत्र हं. बाकीची फाइल खालच्या मजल्यावर आहे, बुधवारी या."

बुधवारी मी गेले नाही. मला हवं होतं ते मिळालं होतं.

मृत्युपत्र दोन पानांचं, १९३८ सालचं. नावं कुणाचीच नाहीत. "टेकडीवरची दफनाची जागा मी, माझी पत्नी, माझी पोटची मुलगी आणि तिचा वंश यांच्यासाठी आहे. जी मुलगी मी विकत घेऊन वाढवली, तिचं लग्न घराच्या खर्चानं करून द्यावं. त्या जागेवर तिचा हक्क नाही." आजोबांच्या घरात दोनच मुली वाढल्या, माझी आई पो चू आणि तुझी आई, म्हणजे माझी मावशी, सिऊ लान. माझी आई त्यांना आई-बाबा म्हणायची. तुझी आई मरेपर्यंत काका-काकूच म्हणत राहिली. आणखी पुरावा कशाला हवा होता?

फोनवर मी तुला सांगितलं, की तिनंच जागेचा हट्ट सोडला. ते खोटं होतं. काय झालं ते आता लिहिते.

एप्रिलमध्ये चेंग बेंगला, थडगी साफ करायच्या सणाला, आम्ही पितरांच्या टेकडीवर गेलो. गवत उपटलं, दगडावरची अक्षरं पुन्हा रंगवली, रिवाजाप्रमाणे शिंपले खाऊन टरफलं थडग्याच्या मातीवर टाकली. तुझी आई छत्रीखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. आजी-आजोबांशेजारी माझी आई आहे, तिच्या पलीकडे एकच जागा उरली आहे. काठीनं ती जागा दाखवत मावशी म्हणाली, "मला इथं ठेवा रे. काकूच्या जवळ."

ती जागा मला हवी होती. तुला मुलगा आहे, नात आहे, समुद्रापलीकडे घर आहे. मला नवरा नाही, मूल नाही. आजोबांच्या, म्हणजे ओंगांच्या, घरची नात, एवढीच माझी ओळख. पिशवीतून नक्कल काढली आणि कुळातल्या सगळ्या भावंडांसमोर मोठ्यानं वाचली.

 मावशी म्हणाली, "अगं, माझे ग्रह जड होते. ज्योतिष्यानं सांगितलं होतं, ही बापाला बाप म्हणाली तर बाप जाईल. म्हणून काका म्हणायला लावलं."

मी हसले. "विकत आणलेल्या सगळ्या पोरींना हेच सांगतात, मावशी."

आणि बून, तिला ते पटलं. तिनं भांडायला हवं होतं, काठी उगारायला हवी होती. त्या दिवसापासून ती माझ्याबरोबर टेबलावर जेवायला बसेना. माझं होईपर्यंत थांबायची आणि मग वाटी घेऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायची. मी तिला एकदाही "इकडे ये" म्हटलं नाही. एके दुपारी भात चिवडत म्हणाली, "काकूला एकदा तरी आई म्हणावं, असं जन्मभर वाटायचं गं. बरं झालं म्हटलं नाही. उगाच परक्या बाईला आई म्हटलं असतं." मी म्हटलं, "हो, बरंच झालं."

त्यानंतर तिनं तू पाठवलेल्या गोळ्यांची बाटली उघडली नाही. जूनमध्ये गेली. तुला मी उष्म्याचं कारण दिलं. आपण तिचा कलश खालच्या देवळात ठेवला, सातव्या ओळीत, आणि पाटीवर मी 'पाळलेली मुलगी' असं लिहून घेतलं. तुला चिनी वाचता येत नाही, हे मला ठाऊक होतं.

मागच्या आठवड्यात खालच्या मजल्यावरची फाइल मागवली. वंशवृक्षात तिच्या नावाखाली कोर्टाचा दाखला जोडायचा होता, म्हणजे पुढं तुम्हा कुणाला शंका नको. फाइलमध्ये आजीचं शपथपत्र निघालं. आजोबा गेल्यावर कोर्टानं तिला दोन्ही मुलींची नावं विचारली होती. आजी महायुद्धाच्या काळात वारली, तिला विचारायला नंतर कोणी उरलं नव्हतं, पण कागदावर तिचा अंगठा आहे.

तिनं सांगितलेलं असं: "सिऊ लान ही माझ्या पोटची एकुलती एक मुलगी. ग्रहांमुळे ती आम्हाला काका-काकू म्हणते. पो चू ही तीन वर्षांची असताना आम्ही एका बाईकडून विकत घेतली. तिला दुसरं कोणी नाही, म्हणून ती आम्हाला आई-बाबा म्हणते."

रोहानानं पाणी आणून दिलं. "मावशी, बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "उन्हातून आले ना."

पो चू, म्हणजे माझी आई. सोळा वर्षं ती आजीच्या कुशीत झोपली आहे, तुझ्या आईच्या जागेवर. तिला ठाऊक होतं का, हे मला कधी कळणार नाही. मला तिचा राग येतो आणि तिची कीवही येते. तुझ्या आईबद्दल मला काय वाटतं ते लिहायला बसते आणि हात थांबतो. मी तिला मारलं, बून. दुसरा शब्द मला सापडत नाही.

आता तू म्हणशील, मग सांग सगळ्यांना. नाही सांगणार. कुळाच्या मंडळानं ती शेवटची जागा माझ्या नावानं मंजूर केली आहे. पुढच्या महिन्यात, सतरा सप्टेंबरला, दगडावर माझं नाव कोरतील. मी तोंड उघडलं तर माझी आई उकरून काढतील आणि कुळातली भावंडं मला तेच म्हणतील जे मी मावशीला म्हटलं. एवढं धैर्य माझ्यात नाही. दुसऱ्याला उठवायचं होतं तेव्हा होतं.

फाइल कोर्टात आहे. आजोबांचं नाव, १९३८ साल, एवढं सांगितलंस तर रोहाना काढून देईल. सतराच्या आत आलास आणि तो कागद मंडळापुढे ठेवलास, तर मी एका शब्दानंही नाकारणार नाही. नाही आलास, तर तुझी आई सातव्या ओळीत राहील आणि तिच्या आईवडिलांशेजारी मी झोपेन. तुझी सवय मला माहीत आहे. तू गोळ्या पाठवशील.

मेईचा वंशवृक्ष सोबत जोडला आहे. त्यात तुझी आई आजी-आजोबांच्या नावाखाली आहे. माझ्या आईचं आणि माझं नाव कुठं लिहावं ते कळलं नाही, म्हणून लिहिलं नाही.

आजवर पत्राच्या शेवटी 'तुझी ताई' लिहीत आले. आजीच्या शपथेप्रमाणे मी तुझी कोणीच लागत नाही.

गैक सिम