स्वस्तातलं प्रोबायोटिक आणि माझा शांत स्वभाव

३ जून
हिचं पोट पुन्हा बिघडलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, गव्हाचा कणही पोटात जाता कामा नये. प्रोबायोटिकच्या कॅप्सूल घ्यायच्या, त्याही ग्लूटेन-फ्री. मेडिकलवाल्याने किंमत सांगितली. मी म्हटलं, मला कॅप्सूल हव्यात, तुमचं दुकान नको. साध्या दुकानांत हेच अर्ध्या किमतीत पडलेलं असतं, शोधणारा पाहिजे. संकल्प : रविवारच्या आत आणायच्या. आवाज न चढवता.

४ जून
कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे प्रोबायोटिक मागितलं, त्याने दही पुढे केलं. ग्लूटेन-फ्री आहे का विचारलं, तर म्हणाला गाईला विचारा. मी फक्त कॉलर धरली. शर्ट जुना असणार, फाटला. त्याने तराजूतलं वजन फेकून मारलं. भुवईला टाके. ही म्हणाली, राहू द्या, मेडिकलमधूनच आणू. मी शांतपणे नाही म्हटलं. ताट भिंतीवर कसं गेलं, कळलं नाही.

६ जून, दुपार
सुपरमार्केट. वरची बाटली हाताला येईना म्हणून रॅक जरा ओढला. अख्खा रॅक आला. सिक्युरिटीवाल्याने हात पिरगाळला, मी त्याच्या तोंडावर बास्केट हाणली. त्याच्या नाकातून रक्त, माझ्या बरगडीत त्याचा बूट. बाहेर फेकला गेलो ते बरंच झालं. समोरच्या सेलच्या दुकानात बाटली मिळाली, अर्ध्याहून कमी किमतीत. गल्ल्यावरच्या बाई लेबल वाचून घ्या म्हणत होत्या. दुसऱ्याचं यश लोकांना बघवत नाही.

८ जून
ही काल दिवसभर ओकत होती. आज सलाइन लावलं. कॅप्सूलमध्ये गव्हाचा स्टार्च आहे, लेबलवर अगदी तळाशी लिहिलंय, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. इतकं तळाशी कोण बघतं. जाऊन त्या दुकानाची काच फोडून आलो. हाताला बँडेज. अन्याय मला सहन होत नाही.

९ जून
मेव्हणा आला. ट्रक दुरुस्त करतो, मनगट त्याच मापाचं. ताईला घेऊन जातो म्हणाला. मी समजावायला गेलो, म्हणजे स्टूल उचललं. मग त्याने समजावलं. पुढचा दात गेला. ही मधे पडली नाही, बॅग भरत होती. येईल चार दिवसांत.

२४ जून
आली नाही. फोन केला. पोट छान आहे म्हणाली. कुठलं प्रोबायोटिक, विचारलं. कुठलंच नाही म्हणाली. गहू खात नाही, आणि इथे कोणी ओरडत नाही. दुपारी झोपही लागते.
तिकडचं पाणी चांगलं असणार.
परत कधी येतेस, हे मी अतिशय शांतपणे विचारलं. शेजाऱ्याने भिंत ठोकली.