तळहातावरचं तीर्थ

गुरुवार, संध्याकाळ

ओवीच्या लंगोटात आज पुन्हा रक्ताची बारीक रेघ दिसली. डॉक्टरांना गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी वाटतेय. ती माझंच दूध पिते, म्हणून बारा दिवस मी दूध, दही, तूप बंद ठेवलंय. चहासुद्धा कोरा. मग हे आलं कुठून?

सासूबाईंवरच घसरले. "डिंकाच्या लाडवांत तूप घातलंत ना?"

त्यांनी शेंगदाणा तेलाची अर्धी पिशवी ओट्यावर ठेवली फक्त. डिंक तेलात तळला होता. बाळंतिणीला तेलातले लाडू! नाशिक रोडच्या नणंदबाई हसल्या, तेही ऐकून घेतलं होतं त्यांनी.

आणि मग आठवलं. मंगळवारी शेजारच्या सत्यनारायणाला गेले होते. तळहातावर पंचामृत घेतलं, प्यायले, ओला हात केसांवरून फिरवला. तीर्थ खाण्यात कुठे धरतो आपण? दूध, दही, तूप, सगळं त्या एका घोटात.

आत्ता ओवी पितेय. डोक्याखाली तोच तळहात.

मघाशी सासूबाई येऊन उशाशी लाडू ठेवून गेल्या. 'चुकलं' म्हणायचं होतं. मी नुसतं 'हं' म्हटलं.