उजवीकडचा फाटा

पोपिगाय नदीकाठ,
९ जून १९७४

लाडक्या मार्फा,

आईचे खूप खूप पापे. औषधं घेऊन हेलिकॉप्टर आलंय, त्याच्याबरोबरच हे पत्र धाडतेय. कळप ठीक आहे. यंदा पाडसं भरपूर झाली. तुझ्या आवडीचे मासे वाळत घातलेत, पण कुत्र्यांपासून राखता राखता माझी पुरेवाट होते.

परीक्षा संपली की खातांगाहून मालाची बोट पकड आणि आपल्या नदीच्या मुखाशी उतर. तिथून न्यायला मी येईन. हसू नकोस, होडीचं इंजिन चालवायला शिकलेय. तुझा येगोरकाका काठावरून ओरडतो, "वहिनी, ती होडी आहे, रेनडियर नव्हे. शीळ घालून थांबायची नाही!" मी म्हटलं, "निदान तुझ्यासारखी उलट तरी बोलत नाही."

तळ यंदा दोन उपनद्यांमधल्या टेकडीवर आहे. डावीकडचा फाटा झऱ्याच्या नदीचा, आपला नेहमीचा, जवळचा. उजवीकडचा लांबचा, उथळ. दगडांवरून होडी ओढावी लागते. येगोर म्हणतो, पोरीला उजवीकडूनच आण.

बाबा का येत नाहीत, असं तू विचारशील. तेवढंच लिहायचं राहिलंय.

मे महिन्यात कळप हलवताना आम्ही झऱ्याच्या नदीच्या मुखाशी आलो. तिथला बर्फ खालून झिजतो. मी म्हटलं, "वरून वळसा घेऊ या." ते हसले, "अगं, ही नदी मला तुझ्यापेक्षा बरी ओळखते!" माद्या व्यायला आल्या होत्या, म्हणून घाई. पुढची घसरगाडी त्यांची. मधोमध बर्फ खचला. पाण्यात असतानाच त्यांनी सुरीनं जुंपणी कापली, म्हणून रेनडियर वर आले. मी दोर फेकला. तो त्यांच्या हाताला लागला होता, मार्फा. बोटंच मिटली नाहीत. प्रवाहानं त्यांना बर्फाखाली नेलं. अजून सापडले नाहीत.

मी तार करणार होते. येगोरनं शपथ घातली, परीक्षा होऊ दे म्हणाला. रागावलीस तर रागाव, पण ये. काठावर मी एकटीच दिसेन. बोटीतून उतरताना तुला ते कळू नये, म्हणून आज लिहिलं.

वाट तू ठरव. डावीकडं म्हणालीस, तर त्या मुखाशी इंजिन बंद करीन. हवं तितकं थांबू. उजवीकडं म्हणालीस, तर होडी ओढायला आपण दोघी आहोत.

तू येईपर्यंत रडणं राखून ठेवलेली,
तुझी आई