टेबलावरचे तीन धक्के

पासिर रिस,
५ ऑक्टोबर २०१५

ती. काकांस,
सौमित्रचा सा. न. वि. वि.

मी नक्की काय करतो, असं विचारलंत. तांदळाएवढा काचेचा तुकडा टांगायचा, त्यावर प्रकाश सोडायचा आणि तो किंचित हलला तरी टिपायचं. हे यंत्र उपग्रहात बसवलं की पृथ्वीचं गुरुत्व कुठे कमी, कुठे जास्त ते मोजता येतं. जमिनीखालचं पाणी आटलेलंही कळतं.

सव्वीसला या कामाला पैसे देणारे पाहुणे येताहेत. त्यांना पटलं तर इथे परदेशात राहून नोकरी करायचा माझा पास वाढेल, नाहीतर डिसेंबरात गाशा गुंडाळायचा. आमचे प्रमुख प्रबोध सर म्हणतात काळजी नको, म्हणूनच काळजी वाटते.

काकूंना नमस्कार. कृपादृष्टी आहे तशी राहू द्यावी.

आपला,
सौमित्र

पुणे,
१३ ऑक्टोबर २०१५

चि. सौमित्रास,
अनेक आशीर्वाद.

तू धक्के मोजतोस हे काकूला समजावलं. ती म्हणाली, मग ते यंत्र आधी आमच्या रिक्षात बसव.

बावीसला दसरा आहे. यंत्राची पूजा कर, पण हळदकुंकू काचेला लावू नकोस. दोन फुलं लांबून वाहा. सरांनाही सांग, मराठी माणूस आहे, बरं वाटेल.

लोभ आहेच, तो असाच मुरू दे.

तुझा,
कमलाकरकाका

पासिर रिस,
२८ ऑक्टोबर २०१५

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

सरांना पूजेचं सांगितलं, तिथेच चुकलं. इथल्या मराठी मंडळात वैज्ञानिक दृष्टिकोनावर व्याख्यानं देणाऱ्या सरांनी फोटोसाठी झब्बा चढवला आणि चालू यंत्राच्या टेबलावरच नारळ आपटला. दोनदा फुटला नाही, तिसऱ्यांदा फुटला. आलेखात तीन उड्या उमटल्या.

सव्वीसला सरांनी पाहुण्यांना त्या उड्या सुमात्राकडचे भूकंप म्हणून दाखवल्या आणि पुढचं मला सांगायला लावलं. पास डोळ्यांपुढे आला. पण उद्या याच यंत्राच्या भरवशावर कोणी विहीर खणेल, असं मनात आलं. मी म्हटलं, हा नारळ आहे, आणि पहिले दोन फटके वाया गेलेत.

पाहुणे पोट धरून हसले. नारळाचे फटकेसुद्धा वेगवेगळे ओळखणारं यंत्र त्यांना फार आवडलं. पैसे मंजूर झाले. माझा पास मात्र सर वाढवणार नाहीत. मी सगळ्यांत मिसळत नाही म्हणे. काका, फार वाईट वाटतंय.

रिकाम्या हाताने येणाऱ्यावरही माया असू द्यावी.

आपला,
सौमित्र

पुणे,
५ नोव्हेंबर २०१५

चि. सौमित्रास,
अनेक आशीर्वाद.

यंत्र वर जाणार आणि तू खाली येणार, हा कुठला न्याय? पण तुझा अभिमान वाटतो, हे सरळच लिहितो.

तू येतोयस म्हटल्यावर सोसायटीचे अध्यक्ष शिरीषराव खूश झाले. हिशेबनीसाची जागा रिकामी आहे, तुलाच देतो म्हणाले. पास कशामुळे गेला ते मी सांगितलं. त्यावर थोडा विचार करून म्हणाले, मग त्याला जरा विश्रांती घेऊ दे.

तेव्हा इथेही तुझं अवघडच दिसतंय. तरी ये. विमानतळावर मी स्वतः येतो.

माया कमी व्हायचा प्रश्नच नाही.

तुझा,
कमलाकरकाका