बोटीच्या तळाला पडलेल्या भोकाबाबत भाईजानना खुलासा

मु. पो. थळ, ता. अलिबाग

आदरणीय भाईजान यांस धाकटा भाऊ वली याचे अस्सलामु अलैकुम.

तुमची आणि भाभींची तब्येत अल्लाहच्या मेहरबानीने ठीक असेल अशी उमेद आहे. तुमच्या गुडघ्यांना दुबईची हवा मानवते की नाही ते कळवावे. इकडे सर्व खैरियत आहे. दुआबेटी मजेत आहे, नोकरीवर वेळेत जाते, वेळेत येते, आणि मी काही विचारलं की "चाचा, तुम्ही नका टेन्शन घेऊ" म्हणते, म्हणजे अगदी तुमचीच मुलगी. बोटही ठीक आहे. (बोटीबद्दल पुढे थोडं सविस्तर लिहितो, पण आधी सांगून ठेवतो की बोट ठीक आहे.) फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही मधेच बोलता. मशिदीशेजारच्या मास्तरांचा भाचा तिकडे निघाला आहे, त्याच्या हाती पाठवतो.

तर भाईजान, दुबईला परत जाताना तुम्ही मला दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, बोटीला हात लावायचा नाही. दोन, उरणच्या त्या हारिसचं स्थळ दुआसाठी पुन्हा काढायचं नाही आणि त्या घरातल्या माणसाला आपल्या उंबऱ्यावर पाय ठेवू द्यायचा नाही. दुसरी गोष्ट मी तंतोतंत पाळली. त्या माणसांनी आजवर आपल्या उंबऱ्याला पाय लावलेला नाही. पहिलीबाबत मात्र खुलासा करणं मला जरुरीचं वाटतं.

पाण्याची खोली सांगणारं आपल्या बोटीतलं यंत्र बिघडलं होतं, हे तुम्हाला माहीत नसेल. बोट शेडमध्ये, कोरड्या जमिनीवर, नारळाच्या सावलीत उभी असताना ते यंत्र सव्वीस फूट पाणी दाखवत होतं. आता या यंत्राचा एक डोळा असतो, तो बोटीच्या तळाला आरपार भोक पाडून बसवलेला असतो. त्याला ट्रान्सड्यूसर म्हणतात. आमचा ओंकार मिस्त्री त्याला लट्टू म्हणतो. ओंकार मूळचा फ्रीज-एसीचा माणूस, पण त्याचं म्हणणं असं की, पाणी आत राहावं की बाहेर, एवढाच काय तो फरक. (हा फरक केवढा मोठा आहे ते पुढे येईलच.)

जुना लट्टू निघेना. ओंकार बोटीखाली उताणा पडून बाहेरून फिरवत होता, मी आत वाकून पान्याने नट फिरवत होतो, आणि दोघेही घाम गाळत होतो. बऱ्याच वेळाने दुआ चहा घेऊन आली, तिने वरून एकदा आणि खालून एकदा पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही दोघं एकाच बाजूला फिरवताय." त्यानंतर तो निघाला. नव्याची मान जुन्या भोकापेक्षा जाड निघाली, तेव्हा भोक मोठं करणं ओघानेच आलं. भाईजान, आपण बोटीत बसलोय आणि तळातून ओंकारचा चेहरा आपल्याकडे बघून हसतोय, अशी वेळ माणसावर येते तेव्हा कलमा आपोआप तोंडी येतो. मी त्याला विचारलं, "ओंकार, हे बुजेल ना रे?" तो म्हणाला, "होतंय काका, काय न्हाय व्हत." या वाक्याचा अर्थ मी अजून लावतोय.

नव्याची वायर लांब होती पण तिच्या टोकाचा प्लग फळीतून जाईना, म्हणून ओंकारने तो कापला आणि वायर पलीकडे नेऊन टेपने परत जोडला. कडेने जो मसाला भरतात तो नीट सुकायला दोन-तीन दिवस द्यावेत असं ट्यूबवर लिहिलं होतं. पण पाहुणे दुसऱ्याच दिवशी यायचे होते, म्हणून आम्ही दुआच्या केस सुकवायच्या मशीनने त्याला गरम हवा दिली. ओंकारने बोट लावून पाहिलं आणि म्हणाला, झालं. (ते बोट त्याला नंतर रॉकेलने धुवावं लागलं.)

कोण पाहुणे, असं तुम्ही विचाराल. हारिस आणि त्याची आई कुलसुमबी. त्यांना घरी बोलावणं म्हणजे तुमचा हुकूम मोडणं, म्हणून मी त्यांना परस्पर धक्क्यावर बोलावलं आणि थेट बोटीत बसवलं. हारिसच्या वालिदांचं आणि तुमचं दुबईच्या खोलीत एसी किती नंबरवर ठेवायचा यावरून जे झालं, ते मी विसरलेलो नाही. पण पोरगा बंदरात क्रेन चालवतो, निर्व्यसनी आहे, आणि दुआने नाव ऐकून नाही म्हटलं नव्हतं. (ती नाही म्हणते तेव्हा थळपासून रेवसपर्यंत ऐकू येतं.)

सकाळी दुआला घेऊन आम्ही चौघं निघालो. खांदेरीच्या दिशेने मस्त वारा होता, यंत्र चाळीस फूट दाखवत होतं, आणि मी कुलसुमबींना आपल्या खानदानाबद्दल सांगत होतो. थोड्या वेळाने त्यांनी पाय वर घेतले. मग पर्स मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "गारवा छान आहे हो तुमच्या बोटीत." हारिसचे मोजे घोट्यापर्यंत भिजले होते, पण पोरीकडची माणसं, बोलायचं कसं, म्हणून तोही खांदेरीचा किल्ला बघत बसला होता. शेवटी दुआच म्हणाली, "चाचा, पाणी." मी म्हटलं, "बेटा, समुद्र आहे." ती म्हणाली, "आतलं."

तेवढ्यात नट सुटला आणि लट्टूच्या जागी कारंजं उडालं. मला पहिल्यांदाच खरी भीती वाटली, भाईजान. कुलसुमबींना पोहता येत नाही, आणि मला येतं असं मी फक्त सांगत आलोय. हारिसने आरडाओरडा केला नाही. बुटासकट टाच त्या भोकावर दाबली आणि म्हणाला, "मी हाय इथे, तुम्ही बोट बघा." दुआने मला बाजूला सारून स्टिअरिंग घेतलं, किनाऱ्याकडे तोंड केलं आणि पूर्ण वेगाने बोट चिखलाच्या पट्टीवर चढवली. धप्प! ओहोटी सुरूच होती. बघता बघता समुद्र निघून गेला आणि आम्ही चौघं चिखलात बसलो. यंत्र अजून चाळीस फूट दाखवत होतं. लट्टू खाली वायरला लटकत होता.

भरती येईपर्यंत उतरता येईना, कंबरभर चिखल. आत आलेलं पाणी आलं त्याच वाटेने सभ्यपणे निघून गेलं, तरी हारिसने टाच काही हलवली नाही. पाणी गेलंय हे मी सांगणार होतो, पण तो दुआकडे बघत होता, म्हणून गप्प बसलो. मग दुआनेच विचारलं, "घरी एसी किती नंबरवर ठेवता?" तो म्हणाला, "पंखा हाय." ती हसली. भाईजान, तुम्ही गेल्यापासून पोरीला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. पुढे ती दोघं बोलत राहिली, मी आणि कुलसुमबी समुद्र कुठे गेला ते बघत राहिलो. नंतर हारिसने वल्ह्याचा दांडा कापला, त्याला आपला मोजा गुंडाळला आणि भोकात ठोकून बसवला. भरतीला गावातल्या होडीने आम्हाला ओढून आणलं. धक्क्यावर उतरताना कुलसुमबी म्हणाल्या, "बोट कुठं बुडवायची ते जिला कळतं, ती घर बुडू देणार नाय." मी याला होकार समजलो. दुआला विचारलं, तर ती ओला दुपट्टा पिळत म्हणाली, "अब्बूंना तुम्ही सांगा."

म्हणून हे पत्र. भाभींना सलाम. चूकभूल माफ असावी.

तुमचा आज्ञाधारक भाऊ,
वली

ता. क. बोट ठीक आहे म्हटलं ते तिच्या वरच्या भागाबद्दल. इंजिनात पाणी गेलं आहे. ओंकार म्हणतो, तो ते बघेल. मी त्याला हात लावू दिलेला नाही.

ता. क. दुसरं. जुम्म्याच्या नमाजनंतर दुआ फोन करेल. आपल्याला काहीच माहीत नाही असं दाखवून थोडा वेळ विचार करावा आणि मग हो म्हणावं. फार वेळ विचार करू नये, इकडे हारिसचे वालिद दुआच्या शेजारी बसून ऐकत असतील.

ता. क. तिसरं. पत्रासोबत जो खोबऱ्याच्या बर्फीचा डबा आहे, तो मंगनीचा आहे. मंगनी मागच्या रविवारी झाली, तीही धक्क्यावरच. हे सर्वांत वर लिहायला हवं होतं, पण मी तुम्हाला ओळखतो. तुम्ही डबा आधी उघडला असणार. तोंड गोड झाल्यावर आपल्यात कोणी नाही म्हणत नाही.