काळजीवाहकाचा थकवा

१४ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

नमस्कार. गुडघा कसा आहे? इथे थंडी पडली आहे, नळाला पाणी जेमतेम येतं आणि ह्यांचा चष्मा दुरुस्तीला टाकला आहे. बाकी ठीक.

ठीक कसलं, कपाळ! सोमवारी दवाखान्यात एक समाजसेविका भेटली, माझ्या नातीच्या वयाची. निवृत्त मुख्याध्यापिकेला शिकवते, "आजी, ह्याला काळजीवाहकाचा थकवा म्हणतात. आजारी माणसाचं एकट्याने करणाऱ्याला येतो. झोप उडते, तोल जातो. तुमचा दोष नाही."

आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर पट्टीने बडवायच्या, त्याला शिस्त म्हणायच्या. हिने थकवा म्हटलं. मारण्याला मारणं म्हणायला कुणाचीच जीभ रेटत नाही.

माझीसुद्धा. चष्मा दुरुस्तीला टाकला हे वर लिहिलं, मोडला कसा ते लिहिलं नाही.

आदल्या दिवशी, रविवारी, हे पुन्हा बूट घालून ऑफिसला निघाले. दार अडवलं, तर म्हणाले, "बाई, तुम्ही कोण?" सकाळपासून तेच चाललं होतं. माझा हात उठला. चष्मा मोडला, ओठ फुटला. डॉक्टरांना मी सांगितलं, पडले.

त्या मुलीने ह्यांनाच विचारलं, कसं लागलं म्हणून. मी पर्सच्या चेनशी खेळत बसले. हे म्हणाले, "ह्या बाईंना रागावू नका हं. दिवसभर माझ्यामागे धावतात. ह्यांच्या घरी वाट बघणारं कुणी नसावं."

तेव्हा मी खरं काय ते सांगितलं, आणि मग तिने तो शब्द काढला.

शब्द खोटा नाही, वन्सं. दमलेय मी. पण त्याच्या आड लपले तर हात पुन्हा उठेल. थोडे दिवस त्यांना दुसऱ्या कुणी सांभाळायला हवं, असं ती म्हणाली. गेल्या वर्षी तुम्ही हेच म्हणाला होतात, "वहिनी, महिनाभर दादाला माझ्याकडे पाठवा." मी फटकारलं होतं, "माझा नवरा म्हणजे काय कुंडी आहे, सुट्टीत शेजारी ठेवायला?" ते मागे घेते. या, आणि त्यांना घेऊन जा. लोकांनी विचारलं, तर माझ्या तब्येतीचं निमित्त सांगू नका.

तुम्हालाही ते ओळखणार नाहीत कदाचित. मला तर नाहीच ओळखत. पण आज चहाचा कप द्यायला हात पुढे केला, तर त्यांनी मान मागे घेतली.

तुमच्या दादावर हात उचललेली,
तुमची वहिनी