बोर्डाचा दुसरा आकडा

आण्णा,

मागच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं. हातकणंगल्याच्या स्वयंपाकघरात तुम्ही फळीला मेण फासलंत, मधल्या भोकात तापलेला खिळा घातलात आणि मेण गोल वितळलं, असं लिहिलं होतं. ते गोल नव्हतं, लांबट होतं. लाकडाच्या रेषांच्या दिशेनं उष्णता लांबवर गेली होती, आडवी थोडीच. दोन वर्षं प्रयोगशाळेत एकच आकडा ऐकून माझ्या आठवणीनंही तो डाग गोल करून टाकला, हे लक्षात आलं आणि मी घाबरले. शाळा रुळापलीकडे, म्हणून तिसरीपर्यंत तुम्हीच मला घरी शिकवलंत. आई चुलीपाशी कुरकुरते आहे, भाकरीच्या वेळेला खिळे कसले तापवता म्हणून. मी दोऱ्यानं डागाची लांबी मोजते आणि दोरा खाली ठेवते. तुम्ही विचारता, "आणि रुंदी?"

"तेवढीच असंल की."

"एकीकडनं मोजून दुसरीकडचं सांगतीस व्हय गं? भविष्य सांगायला बसलीयास?"

मी हसले. तुम्ही हसला नाहीत.

आता मी उसाच्या चिपाडांपासून दाबून केलेल्या बोर्डातून उष्णता किती जाते ते मोजते. बोर्डाच्या गोल चकत्या कापायच्या, वरून वाफ सोडायची, वरखाली थर्मामीटर लावायचे. वाऱ्यानं आकडे बिघडतात म्हणून खिडक्या बंद. त्या खोलीत दिवसभर बसले की आपणच वाफेवर ठेवलेल्या आहोत असं वाटतं. चकतीतून उष्णता फक्त जाडीतून आरपार जाते. पण दाबताना चिपाडाचे धागे आडवे पडतात. मला शंका आली. मी बोर्डाच्या पट्ट्या उभ्या करून एकमेकींना चिकटवल्या, त्यांची चकती केली आणि मोजलं. धाग्यांच्या दिशेनं उष्णता कितीतरी जास्त जात होती. पुन्हा मोजलं, तेच. आणि माझ्या प्रबंधातली पुढची सगळी गणितं, छपराला असा बोर्ड लावला तर ऊन कसं पसरेल ती, त्या पहिल्या एकाच आकड्यावर उभी आहेत.

माझ्या प्रबंधाच्या सरांना दाखवलं. ते वाईट नाहीत. दोन्ही आकडे ताडून पाहिले, मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण मग सगळे नमुने दोन्हीकडून नव्यानं मोजावे लागतील. वर्ष जाईल. तुझं लग्न ठरलंय न्हवं? राहू दे. एकच आकडा लिही, मी सही करतो."

लग्न ठरलंय, आण्णा. तुमच्यामागे आम्हाला राजारामपुरीत घेऊन आलेल्या काकांनीच ठरवलं. शिक्षण काय असेल ते आधी उरकून घ्या, नंतर जमणार नाही, असं तिकडच्यांनी सांगितलंय. काका रोज जेवताना ओरडतात, "काय गं, तापला का न्हाय तुझा बोर्ड? मांडवाला लागत असंल तर चार आणतो की!" सगळे हसतात, मीही हसते. येत्या रविवारी पहिली पत्रिका जोतिबाच्या पायाशी ठेवायला जायचंय. देवापुढं पत्रिका गेली की आपल्या घरात तारीख हलत नाही, हे तुम्हाला मी काय सांगू? आई म्हणते, "गप कर की बाई, एका आकड्यानं काय बिघडतंय!" तिचंही खरं वाटतं. रात्री नाही वाटत.

हे पत्र पेटीत टाकायला पत्ता नाही, म्हणून एक कबूल करते. आण्णा असते तर त्यांनी मला शिकू दिलं असतं, असं मी मैत्रिणींना नेहमी सांगते. मला ते माहीत नाही. कदाचित तुम्हीच पत्रिका घेऊन पुढे निघाला असतात.

शुक्रवारी पत्रिकेचा मजकूर छापखान्यात जाणार आहे. लग्न वर्षभर पुढे ढकला, असं मी काकांना गुरुवारी सकाळी सांगणार आहे, ते दुकानाला निघायच्या आत.